दीड चांदमिनार वेग

दौलताबादच्या किल्ल्यातला चांदमिनार सुमारे ६३ मीटर उंच. त्याच्या टोकावरून क्रिकेटचा चेंडू नुसता सोडून दिला, हवेचा अडथळा हिशेबात धरला नाही, तर तो साडेतीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ पडत राहील. जमिनीवर आदळताना त्याचा वेग असेल ताशी १२६ किलोमीटर! खाली उभं राहायची हिंमत कुणी करणार नाही.

आता ५ मे २०२२ ची रात्र आठवा. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, आयपीएलचा सामना, हैदराबाद विरुद्ध दिल्ली, शेवटचं षटक. जम्मूच्या उमरान मलिकनं एक चेंडू टाकला आणि पडद्यावर आकडा झळकला : ताशी १५७ किलोमीटर. चांदमिनार इथे तोकडा पडतो. नुसत्या पडण्यातून एवढा वेग मिळवायचा तर चेंडू ९७ मीटरवरून सोडावा लागेल. एका मिनारावर अर्धा मिनार आणखी! एका विशीतल्या पोराच्या खांद्यात आणि मनगटात दीड चांदमिनार. ब्रेबॉर्नवरून निघालेला तो चेंडू वाटेत दमला नसता, कुठे टेकला नसता, तर तासाच्या आत पुण्यात पोचला असता. दिल्ली-आग्रा मार्गावर तेव्हा १६० नं धावणारी गतिमान एक्स्प्रेस आणि हा चेंडू, दोघांत जेमतेम तीन किलोमीटरचा फरक. एका बाजूला हजारो अश्वशक्तीचं इंजिन, दुसऱ्या बाजूला एक उजवा हात.

आणि त्या चेंडूचं झालं काय? दिल्लीच्या रोव्हमन पॉवेलनं त्याला चौकार मारला. चार षटकं, ५२ धावा, बळी शून्य : असा उमरानचा त्या रात्रीचा हिशेब.

दीड चांदमिनाराचा चेंडू सीमारेषेबाहेर गेला कसा? त्यासाठी एका इवल्याशा आकड्याकडे बघू. गोलंदाजाच्या रेषेपासून फलंदाजाच्या रेषेपर्यंत अंतर १७.६८ मीटर. वाटेत वेग उतरला नाही असं धरलं, तर ताशी १४० नं टाकलेला चेंडू ते ०.४५५ सेकंदात कापतो, १५७ नं टाकलेला ०.४०५ सेकंदात. फरक एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा! एवढ्याशा फटीसाठी गोलंदाज पाठीचे मणके झिजवतात, संघ तिजोऱ्या उघडतात, आपण टीव्हीसमोर ओरडतो. फलंदाजाला हा विसावा भाग जाणवतो, फार जाणवतो. पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळलं, तर तो विसावा भाग पुन्हा त्याच्याच खिशात येतो.

आता पैसे मोजू. मोजायला पाचशेची नोट घेऊ. ती १५ सेंटिमीटर लांब असते. नोटेला नोट लावत रस्त्यावर पसरत जायचं आणि कुठवर पोचतो ते बघायचं. एक कोटीचा रस्ता होतो तीन किलोमीटरचा. हे एकदा ध्यानात ठेवलं की लिलावातली प्रत्येक बोली नकाशावर मांडता येते.

सुरुवात आपल्या मराठवाड्यापासून करू. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. उंच, दणकट, ताशी १४० च्या आसपास चेंडू टाकणारा, शिवाय खालच्या क्रमांकावर षटकार ठोकणारा. विश्वचषकाला जेमतेम आठवडा उलटला होता आणि फेब्रुवारीत आयपीएलचा लिलाव झाला. मूळ किंमत ३० लाख. चेन्नईनं बोली थांबवली ती दीड कोटीवर. पाचपट! बोली असते एका हंगामाची, आणि तो चेन्नईकडे तीन हंगाम राहिला. तीन हंगामांच्या नोटा अंथरल्या तर साडेतेरा किलोमीटर. दौलताबादच्या पायथ्याशी पहिली नोट ठेवली तर शेवटची छत्रपती संभाजीनगरच्या वेशीत येते.

या साडेतेरा किलोमीटरमध्ये सामने किती? दोन. त्यातला पहिला ३१ मार्च २०२३ चा, अहमदाबादला, गुजरातविरुद्ध. चार षटकं, ३६ धावा, तीन बळी. मराठवाड्यानं त्या रात्री छाती फुगवली होती, आणि ती फुगवण्यासारखीच कामगिरी होती. त्यानंतर एकच सामना. मग राखीव खेळाडूंची खुर्ची. पोरात काही कमी होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. विशीतल्या वेगवान गोलंदाजाला टप्पा, दिशा, चेंडूतले बदल बसवायला शेकडो षटकं टाकावी लागतात आणि ती मैदानावरच टाकावी लागतात. ज्याला घडवायचं त्याला तीन हंगामांत दोन सामने देऊन तो घडत नसतो.

पुढचा आकडा परदेशी आहे आणि तो वाचताना मला अजूनही दरदरून घाम फुटतो. २०१७. बंगळुरूच्या संघानं इंग्लंडच्या टायमल मिल्सवर बोली लावली. डावखुरा, दीडशेच्या घरातला वेग. मूळ किंमत ५० लाख, अखेरची बोली १२ कोटी. बारा कोटींचा रस्ता ३६ किलोमीटर : संभाजीनगरहून निघा, दौलताबाद मागे टाका, खुलदाबादचा घाट चढा, वेरूळची लेणी ओलांडा आणि तरी हातात सहा किलोमीटरच्या नोटा शिल्लक! त्या बदल्यात मिल्स खेळला पाच सामने. बळी पाच. एका बळीला दोन कोटी ४० लाख. पाच सामन्यांत त्यानं पूर्ण कोटा टाकला असं धरलं तरी चेंडू १२०. बोलीच्या हिशेबानं चेंडूला किमान दहा लाख. दहा लाखांच्या नोटा ३०० मीटर लांब, आणि खेळपट्टी वीस मीटरची. चेंडू वीस मीटर जाणार आणि त्यामागे पैसा पंधरा खेळपट्ट्या लांब!

उमरानचंही पुढे तेच. २०२२ च्या हंगामात १४ सामन्यांत २२ बळी, चार कोटींची किंमत, बारा किलोमीटरचा रस्ता. २०२३ मध्ये आठ सामन्यांत पाच बळी. २०२४ मध्ये एक सामना, बळी नाही. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात पहिल्या फेरीत त्याच्यावर कुणी हात वर केला नाही. नंतर कोलकात्यानं ७५ लाखांना घेतलं. बारा किलोमीटरचा रस्ता आखडून सव्वादोन किलोमीटर झाला. मधल्या काळात त्याला दुखापतींनीही गाठलं, हे न सांगणं अन्याय होईल.

पण थांबा. हे तर आपले छोटे आकडे. खरे अजस्र आकडे बघायचे असतील तर अमेरिकेला जायला हवं.

तिथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर नावाची एक जागा असते. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, इशारा होताच सुसाट निघायचं, क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या लांबून चेंडू भिरकावतो, तो झेलायचा आणि पुढे पळायचं. दर वर्षी नव्या मुलांची निवड होते. सगळे संघ आळीपाळीनं एकेक मुलगा उचलतात आणि ज्याचा मागचा हंगाम वाईट त्याला आधी मान मिळतो. या निवडीआधी इंडियानापोलिसला तीनशेहून जास्त मुलांची चाचणी घेतात. त्यात सगळ्यांचे डोळे असतात एका शर्यतीवर : चाळीस यार्ड. आपली खेळपट्टी २२ यार्डांची. म्हणजे दोन खेळपट्ट्यांनासुद्धा चार यार्ड कमीच! एवढ्याशा पळण्यावर तिथे शंभर-शंभर कोटींचे करार ठरतात.

२०१७ साली जॉन रॉस नावाच्या मुलानं ते अंतर ४.२२ सेकंदांत कापलं. तोवरचा विक्रम ४.२४ चा, ख्रिस जॉन्सनचा, २००८ पासूनचा. सेकंदाचे दोन शतांश भाग कमी झाले आणि देशभर गलका. एका बूट कंपनीनं तर जाहीर केलं होतं की आमचे बूट घालून विक्रम मोडणाऱ्याला एक बेट देऊ. बेट! रॉसच्या पायात दुसऱ्या कंपनीचे बूट होते, म्हणून बेट हुकलं. पण सिनसिनाटीच्या संघानं त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. चार वर्षांचा करार सुमारे एक कोटी ७१ लाख डॉलरचा. त्या वेळच्या दरानं १११ कोटी रुपये. अंथरा आता पाचशेच्या नोटा : ३३३ किलोमीटर! मुंबईत सुरुवात करा, कसारा घाट चढा, नाशिक, येवला करत थेट छत्रपती संभाजीनगरला या. सगळा रस्ता नोटांचा.

पहिल्या वर्षी रॉसनं झेल घेतले शून्य. दुखापती होत्याच, पण आकडा शून्यच. पुढे सगळ्या कारकिर्दीत मिळून ६२ झेल, आणि त्या झेलांतून मिळवलेलं अंतर ९५७ यार्ड. ९५७ यार्ड म्हणजे ८७५ मीटर. ३३३ किलोमीटरच्या नोटा एकीकडे, एक किलोमीटरही न भरणारं काम दुसरीकडे.

त्याच्या आधी २००९ मध्ये ओकलंडच्या संघानं डॅरियस हेवर्ड-बे याला सातव्या क्रमांकावर घेतलं होतं. त्या वर्षीच्या चाचणीत तो ४.३० सेकंदांसह सगळ्यांत वेगवान. पहिल्या हंगामात त्याचे झेल नऊ. त्याच्यानंतर तीन जागांनी, दहावा, मायकेल क्रॅबट्री निवडला गेला. करारावरून त्याचं भांडण झालं, पहिले पाच सामने बुडाले, तरी उरलेल्या अकरा सामन्यांत त्याचे झेल ४८. पाचपटीहून जास्त!

सगळ्यांवर कडी केली जिम हाइन्सनं. १९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक, शंभर मीटरचं सुवर्णपदक, वेळ ९.९५ सेकंद. हा विक्रम जवळपास पंधरा वर्षं कुणाला मोडता आला नाही. जगातला सर्वांत वेगवान माणूस! मायामीच्या संघानं त्याला ऑलिंपिकच्या आधीच निवडून ठेवलं होतं, का ठेवणार नाही? चार वर्षांआधीचा ऑलिंपिक विजेता बॉब हेज डॅलसच्या संघात जाऊन मैदान गाजवत होता. आपल्यालाही दुसरा हेज सापडला, असं मायामीला वाटलं असणार. हाइन्सनं कारकिर्दीत झेल घेतले दोन, यार्ड मिळवले २३. एक खेळपट्टी आणि वर एक यार्ड. जगातल्या सर्वांत वेगवान पायांची झेलांतली सगळी कमाई आपल्या गल्लीतल्या एका धावेएवढी.

हेज जमला, हाइन्स फसला. असं का, ते समजायला पुस्तक लागत नाही, दौलताबादचा किल्ला पुरतो.

हा डोंगर सुमारे २०० मीटर उंच, पण किल्ल्याचं बळ उंचीत नाही, वळणांत आहे. महाकोट या तटबंदीच्या दरवाज्यांवर टोकदार खिळे ठोकलेले, आणि दरवाज्यासमोरची वाट सरळ नाही, मुद्दाम वळवलेली. का? तर हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये. धाव नाही तर धडक नाही. पुढे कातळात कोरलेला खंदक, त्यावरून एकच अरुंद वाट. ती ओलांडली की अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातला बोगदा. काळोख, अंगावर येणारी वटवाघळं, कमीजास्त उंचीच्या पायऱ्या, अचानक वळणं. इथे जो जोरात पळेल तो आधी पडेल. हे कोरणाऱ्यांना सरळ रेषेतल्या वेगाची नेमकी किंमत ठाऊक होती : पहिल्या वळणापर्यंत.

रिसीव्हरच्या वाट्याला तशीच अंधारी येते. समोर पावलाच्या अंतरावर प्रतिस्पर्धी उभा, इशारा होताच तो छातीवर हात ठोकतो. त्याला चुकवायचं, ठरलेली पावलं पळायचं, मग भरवेगात काटकोनात वळायचं. बरोबर त्याच पावलावर वळायचं, कारण म्होरक्या चेंडू फेकतो तो रिसीव्हर वळायच्या आधी. तो मोकळ्या जागेकडे फेकतो, माणसाकडे नाही. एक पाऊल चुकलं की चेंडू दुसऱ्याच्या हातात. आणि सगळ्यांत भारी आकडा तर पुढेच आहे. म्होरक्या चेंडू हातात ठेवतो सरासरी पावणेतीन सेकंद! चाळीस यार्ड पळायला रॉसलासुद्धा ४.२२ सेकंद लागतात. म्हणजे ज्या शर्यतीवर १११ कोटी लावले, ती बहुतेक वेळा पुरी व्हायच्या आत चेंडू हातातून सुटलेला असतो. शर्यतीचा शेवटचा दीड सेकंद सामन्यात क्वचितच येतो.

एकाच मापावर मोठा निर्णय घेण्याची गोष्ट दौलताबादला जुनीच आहे. १३२७ च्या सुमारास सुलतान मुहम्मद तुघलकानं दिल्लीचं बस्तान इथे हलवलं. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की गुजरात, बंगाल, तेलंगण, माबार असे सगळे प्रदेश इथून जवळपास सारख्या अंतरावर, म्हणून ही जागा निवडली. नकाशावर माप अगदी चोख. पण दिल्लीच्या माणसांना ते माप पायी चालायचं होतं : हजार किलोमीटरहून जास्त, मुंबई-पुणे सात वेळा. काही वर्षांत सगळा पसारा पुन्हा दिल्लीला.

२०१७ च्या निवडीकडे एकदा परत जाऊ, कारण खरा कळस तिथे आहे. रॉस नववा निवडला गेला. तेव्हा पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला विचार करायला दहा मिनिटं मिळत. पुढचा, दहावा क्रमांक कॅन्सस सिटीच्या संघानं दुसऱ्याकडून मुद्दाम मिळवला होता, आणि त्यांनी नाव घेतलं पॅट्रिक महोम्सचं. तो रिसीव्हर नाही, चेंडू फेकणारा. त्यानं पुढे संघाला तीनदा सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, जिंकून दिला. २०२० मध्ये संघानं त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला ४५ कोटी डॉलरचा. रुपयांत ३,३७५ कोटी. अंथरा नोटा! ३३३ किलोमीटर आपण रॉससाठी अंथरले होते. महोम्सच्या नोटा जातात दहा हजार किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी सरळ रेषेत एकदा, परत काश्मीर, परत कन्याकुमारी, आणि तरी नोटा उरतात. मागच्या आणि पुढच्या निवडीतला फरक तो एवढा. अबब! महोम्सला आधीच्या आणखीही संघांनी सोडलं होतं, सगळा दोष सिनसिनाटीवर टाकणं बरोबर नाही. पण सगळ्यांत वेगवान मुलगा निवडणारा संघ नेमका त्याच्या एक जागा आधी उभा होता.

आता हळू माणसं घेऊ. जेरी राइस. १९८५ मध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला. चाळीस यार्डांसाठी त्याची वेळ ४.७ च्या आसपास सांगतात. रॉस शर्यत संपवतो तेव्हा राइस चार-साडेचार मीटर मागे! मिसिसिपीतल्या गवंड्याचा हा मुलगा. वडिलांच्या कामावर भाऊ खालून विटा फेकायचे, हा मचाणावर त्या झेलायचा. एक नाही, एका वेळी अनेक. वीट हातातून निसटली तर पायावर पडते, हे शिक्षण कुठल्या चाचणीत मोजतात? पुढे तो सुमारे चार किलोमीटरच्या एका डोंगरवाटेवर सराव करायचा, इतका की बरोबर आलेले खेळाडू धापा टाकत बसायचे. वीस हंगाम, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड. किलोमीटरमध्ये जवळजवळ एकवीस. रॉसचे ८७५ मीटर, हाइन्सचे २१ मीटर, राइसचे २१ किलोमीटर! संभाजीनगरहून चेंडू काखेत धरून निघा, अंगावर येणाऱ्या दांडग्या माणसांना चुकवत दौलताबाद ओलांडा आणि खुलदाबादच्या वाटेवर आणखी पाच-सहा किलोमीटर चढा. एवढं अंतर या माणसानं झेलातून मिळवलं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे श्रीरामपूरचा झहीर खान आहे. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत त्यानं स्टीव्ह वॉचा त्रिफळा यॉर्करवर उडवला तेव्हा तोही कच्चा, तगडा, निव्वळ वेगाचा गोलंदाज होता. पण मागे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमधली घोटाई होती, पुढेही शिकणं थांबलं नाही. संघाबाहेर पडला तेव्हा २००६ मध्ये इंग्लंडला वूस्टरशरकडून एका हंगामात ७८ बळी घेऊन आला. धाव आखूड केली, वेग थोडा सोडून दिला, जुना चेंडू दोन्हीकडे वळवायला शिकला, बोटांच्या पेरांतून हळू सुटणारा चेंडू बसवला. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी. स्पीडगनवरचा आकडा खाली उतरला आणि बळींचा वर चढला.

कसोटीत झहीरचे बळी ३११. स्टंपची उंची २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. प्रत्येक बळीमागे एक स्टंप घेऊ आणि एकावर एक रचत जाऊ. मिल्सच्या त्या हंगामाचे पाच स्टंप साडेतीन मीटरवर थांबतात, घराच्या छताशी. झहीरचे चढतात. तीस मीटर, साठ मीटर, चांदमिनार मागे पडला. शंभर मीटर, उमरानचा दीड मिनार मागे पडला. दीडशे, एकशेऐंशी, दोनशे मीटर, दौलताबादचा अख्खा डोंगर मागे पडला, आणि स्टंप अजून संपलेले नाहीत. २२१ मीटर! किल्ल्याच्या माथ्यापेक्षा उंच. आणि हे नुसत्या कसोटीचे, एकदिवसीय सामन्यांचे २८२ तर अजून रचलेच नाहीत.

मराठवाड्यातही वेगवान गोलंदाजांच्या निवडचाचण्या होतात. पोरं पहाटेच्या एसटीनं येतात, रांगेत उभी राहतात, तीन चेंडू टाकतात आणि यंत्रावरचा आकडा ऐकून घरी जातात. चाचणी घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या दिवशी स्पीडगन पेटीतून काढूच नका. एक स्टंप लावा, प्रत्येकाला दोन षटकं द्या, बारापैकी किती चेंडू स्टंपावर गेले ते वहीत लिहा. ज्यांचे जास्त गेले त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा, आणि स्पीडगन तेव्हा लावा.